चर्चमधली आंटी आणि घरातली मम्मी

रविवारी उपासना सुटली की चर्चच्या अंगणात आपण काय करतो, आठवून बघा. एका हातात बायबल आणि 'उपासना संगीत' हे गीतपुस्तक, दुसऱ्या हातात पर्स आणि नजर भिरभिरत असते तरुण मुलांकडे. कुणी सापडला की पहिलं वाक्य ठरलेलं : "काय रे, मागच्या रविवारी दिसला नाहीस?" तो ओशाळं हसतो, "शिफ्ट होती, आंटी," म्हणतो आणि हळूच फाटकाकडे सरकतो. आपल्याला वाटतं, चला, विचारपूस झाली. त्याला वाटतं, हजेरी झाली.

आज मला बोलायचंय ते मंडळीची काही ना काही जबाबदारी अंगावर असलेल्या आईबापांशी. कुणी कमिटीत आहे, कुणी संडे स्कूल घेतंय, कुणी कोयर सांभाळतंय, कुणाकडे महिला मंडळाचा हिशेब आहे. पाळकसाहेब सोडले तर पगारी कुणीच नाही. नोकरी, स्वयंपाक, सासूबाईंच्या गोळ्या, गावाकडच्या घराचं गळकं छप्पर हे सगळं सांभाळून उरलेल्या वेळात आपण देवाची सेवा करतो, आणि मनापासून करतो. मीही त्यातलीच. पुण्यातल्या एका मराठी मंडळीत तरुण संघाचं बघते. घरी माझी स्वतःची दोन आहेत, एक कॉलेजात आणि एक नुकतीच नोकरीला लागलेली. म्हणजे आठवडाभर मी कुणाची तरी आंटी असते आणि कुणाची तरी मम्मी. या दोघी बायकांचं एकमेकींशी फारसं पटत नाही.

अठरा ते पंचविशीतली मुलं म्हणजे मंडळीच्या दृष्टीने मोठी अवघड जात. लहान होती तेव्हा संडे स्कूलमध्ये होती, वचनं पाठ करून बक्षिसं घेत होती. पुढे दृढीकरणाच्या वर्गाला बसली, पांढरे कपडे घातले, फोटो काढले, पहिलं प्रभुभोजन घेतलं. आणि मग बरीचशी गायब झाली. आपण लगेच म्हणतो, "जगाच्या नादी लागली." पण जरा त्यांचा आठवडा बघा ना. हिंजवडीत रात्रपाळी करणारी मुलगी शनिवारी पहाटे कॅबने घरी येते. तिच्या वाट्याची झोप म्हणजे तो एक रविवार. संगमनेर-श्रीरामपूरहून पुण्यात आलेला मुलगा चार जणांत खोली घेऊन राहतो, मेसच्या डब्यावर जगतो, आणि इथल्या चर्चमध्ये आला तर त्याला पहिला प्रश्न येतो, "तुम्ही कुणाचे?" तो कुणाचा आहे हे गावात सगळ्यांना माहीत असतं. इथे त्याला आडनावापासून सुरुवात करावी लागते.

हे झालं दुसऱ्यांच्या मुलांचं. आपल्या घरातल्यांचं प्रकरण निराळंच.

कमिटीवाल्यांच्या मुलाला मंडळीत एक जागा आधीच आखून दिलेली असते. त्याने पहिल्या चार बाकांत बसायचं, नाताळच्या नाटकात असायचं, माईक बिघडला तर धावायचं. त्याचे केस किती वाढलेत, इन्स्टाग्रामवर काय टाकलंय, फर्ग्युसन रस्त्यावर कुणाबरोबर दिसला, सगळ्यांचं लक्ष. आणि एखाद्या रविवारी तो आला नाही की आपल्याला नक्की काय टोचतं? प्रामाणिकपणे सांगायचं तर तो देवापासून दूर जाईल ही काळजी नंतर येते. आधी येतो तो फाटकापाशीचा प्रश्न : "एकट्याच आलात? मुलगा कुठेय?"

पौलाने तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्रात मंडळीच्या अध्यक्षाबद्दल एक अट आहे : ज्याला स्वतःचं घर नीट चालवता येत नाही तो देवाची मंडळी काय सांभाळणार, अशा अर्थाची. दुसऱ्या कुणी ती आपल्याला ऐकवायची गरजच नसते. ती आपण स्वतःच स्वतःला रात्री ऐकवत असतो. मग सकाळी मुलाच्या पांघरुणाला हात घालून आपण म्हणतो, "उठ, लोक काय म्हणतील?" त्याला कळतं की हे बोलावणं देवाकडून आलेलं नाही. मुलं आपल्या सेवेचं प्रगतिपुस्तक होऊन बसतात, आणि त्यांना ते पक्कं ठाऊक असतं.

मुलं आणखी एक गोष्ट बघत असतात. आपण स्वयंपाकघरात फोन कानाला लावून उभे असतो. पलीकडे तरुण संघातली कुणीतरी रडतेय. आपला आवाज लोण्यासारखा झालेला : "हो बाळा... मग? तुला काय वाटलं तेव्हा?" अर्धा तास जातो. फोन ठेवून आपण वळतो आणि समोर उभ्या असलेल्या स्वतःच्या लेकीला म्हणतो, "अजून ताट नाही घेतलंस? सगळं गार झालं!" माझ्या एका मैत्रिणीची मुलगी तिला म्हणाली, "मम्मी, मी पण तुझ्या तरुण संघात नाव घालते. मग माझ्याशी अशी बोलशील?" मैत्रीण हसत हसत सांगत होती, पण पुढे बराच वेळ तिला दुसरं काही बोलायला सुचलं नाही.

असं का होतं? आपण ढोंगी आहोत म्हणून नाही. दुसऱ्याच्या मुलाचं ऐकताना आपलं काही पणाला लागलेलं नसतं, एवढंच. शेजारच्या बाकावरचा मुलगा म्हणाला, "आंटी, हल्ली प्रार्थना करताना मला काहीच जाणवत नाही," तर आपण शांतपणे ऐकू शकतो. तेच वाक्य आपल्या पोटच्या मुलाने जेवताना उच्चारलं की घास घशात अडकतो. एका क्षणात सगळं डोळ्यांपुढून जातं : त्याचं तारण, त्याचं लग्न, सासूबाईंना काय वाटेल, पाळकसाहेबांना काय सांगायचं. त्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत आपण एक वचन काढून पुढे ठेवतो. तो "हं" म्हणतो, पाण्याचा ग्लास उचलतो आणि विषय संपतो. पुन्हा तो विषय काढेल तेव्हा काढेल.

मी हल्ली "का" हा शब्द जरा जपून वापरते. "का येत नाहीस?", "का असं वाटतं?" म्हटलं की मूल लगेच वकील होतं आणि बाजू मांडू लागतं. "कधीपासून असं वाटतंय?" असं विचारलं तर ते आठवू लागतं. आठवता आठवता कळतं की प्रश्न देवाचा नव्हताच, हॉस्टेलमधल्या रूममेटच्या मृत्यूचा होता. किंवा कॉलेजात कुणी तरी बोललेल्या चार शब्दांचा.

त्या चार शब्दांविषयी जरा थांबून बोलायला हवं, कारण ते आपल्या कानांपर्यंत येतच नाहीत. आपली आडनावं साळवे, गायकवाड, शिंदे, पंडित. आपली भाषा मराठी, पुरणपोळी आपल्याही घरी होते. कॉलेजात पहिल्या आठवड्यात कुणी विचारतं, "शिंदे आणि ख्रिश्चन? म्हणजे कसं काय?" कुणी थट्टेत म्हणतं, "किती पैसे दिले होते रे तुमच्या आजोबांना?" सगळे हसतात, आपलंही मूल हसतं. घरी येऊन ते हे सांगत नाही, कारण आपण लगेच म्हणणार, "मग तू साक्ष दिलीस का?" त्याला त्या वेळी साक्ष द्यायची नसते. झालेला अपमान कुणाला तरी सांगायचा असतो.

अशा वेळी आपल्याजवळ एक फार चांगली गोष्ट असते आणि आपण ती वापरत नाही. घराण्यातलं पहिलं कोण, कुठल्या गावचं, कशामुळे ख्रिस्ताच्या वाटेला लागलं, त्यांना विहिरीवर, गावात, भाऊबंदकीत काय सोसावं लागलं हे आपल्या आजी-पणजींनी सांगितलेलं असतं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक मुंबईत आले १८१३ साली. 'ज्ञानोदय' हे नियतकालिक निघालं १८४२ मध्ये. हे काही परवाचं नव्हे. नगरला जाणं होईल तेव्हा मुलांना फक्त नातेवाइकांच्या चहाला फिरवून आणू नका. तिथल्या जुन्या चर्चच्या आवारात जरा बसा आणि पणजोबांची गोष्ट सांगा. त्यातले भूक, मान, राग, आशा असे सगळे खरे तपशील गाळू नका. फार पवित्र करून सांगितलं की मुलांचा विश्वास बसत नाही, आणि त्यांचं बरोबर असतं.

गंमत म्हणजे आपल्या या इतिहासात आईबापांचं ऐकणारी मुलं फारशी नाहीतच. मराठी ख्रिस्ती लेखक बाबा पदमनजींचा जन्म १८३१चा, बाप्तिस्मा १८५४चा. तेवीस वर्षांचा मुलगा! घरातला देवधर्म सोडून निघाला तेव्हा घरच्यांच्या जिवाची काय घालमेल झाली असेल, याचा विचार आपण कधी करत नाही. आपण त्यांचं नाव अभिमानाने घेतो. आणि आपल्या घरातल्या तेवीस वर्षांच्या पोराने "मला जरा विचार करू द्या" म्हटलं, तर आपला बीपी वाढतो.

आणि टिळकांच्या घरातलं तर सगळ्यांना ठाऊक आहे. नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला १८९५ मध्ये, मुंबईत. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा झाला १९०० साली. मधली वर्षं कशी गेली असतील ते लक्ष्मीबाईंचं आत्मचरित्र 'स्मृतिचित्रे' वाचलेल्यांना सांगायला नको. ताटातूट, संताप, सोवळंओवळं, आणि मधूनच ते खळखळून हसू. लक्ष्मीबाई आल्या त्या स्वतःच्या पायांनी, स्वतःच्या मनाला पटल्यावर. पुढे टिळकांचं अपुरं राहिलेलं 'ख्रिस्तायन' पुरं केलं ते त्यांनीच. नवराबायकोंना, मोठ्या जाणत्या माणसांना, एवढी वर्षं लागली, तर आपल्या मुलीने एका उपवासकाळात निकाल द्यावा अशी घाई आपण का करतो? मला 'स्मृतिचित्रे' घरात हाताशी असावंसं वाटतं. मुलांसाठी तर हवंच, पण त्याआधी आपल्यासाठी.

मंदिरात सेवा करणाऱ्या बापाचं नाव निघालं की आपल्याकडे एलीची गोष्ट सांगतात, ती भीती घालायला. हफनी आणि फिनहास, त्याची दोन बिघडलेली मुलं. ती गोष्ट खरीच आहे. (शमुवेलाची मुलंही पुढे लाच खाणारी निघाली, हे मात्र संदेशात सहसा कुणी सांगत नाही. ज्याला लहानपणी देवाने नावाने हाक मारली त्याच्याही घरी हे झालं, तेव्हा एकमेकांच्या घराकडे बोट दाखवताना जरा सबुरीने घ्यायला हरकत नाही.) पण मला त्या एलीचा दुसराच प्रसंग जास्त महत्त्वाचा वाटतो. शिलोचं मंदिर, रात्र, म्हाताऱ्याची नजर मंद झालेली. पोरगा शमुवेल तीनदा झोपेतून उठून त्याच्याकडे धावत येतो, "तुम्ही हाक मारलीत ना?" आपण असतो तर दुसऱ्या खेपेलाच खेकसलो असतो. एलीला तिसऱ्या खेपेला समजतं की हाक आपली नाहीच, देवाची आहे. तो पोराला परत पाठवतो आणि काय उत्तर द्यायचं ते सांगतो. स्वतः मध्ये येऊन बसत नाही.

सकाळचा भाग तर याहून अवघड. मुलाने जे ऐकलं ते एलीच्या घराविरुद्ध आहे. सांगायला तो घाबरतो. एली त्याला "मुला" म्हणून जवळ बोलावतो, लपवू नकोस म्हणतो, आणि मग सगळं ऐकून घेतो. आयुष्यभर सेवा केलेला माणूस एका पोराच्या तोंडून स्वतःविषयीचं कडू सत्य ऐकतो, आणि "तू कालचा पोर मला शिकवणार?" असं म्हणत नाही. स्वतःच्या मुलांच्या बाबतीत कमी पडलेल्या माणसाला हे जमलं, याचा मला फार आधार वाटतो.

कारण आपली मुलंही आपल्याला असंच काही सांगायला बघत असतात. "पप्पा, तुम्ही कमिटीत इतके भांडता आणि मग प्रभुभोजनाची तयारी करता, मला ते बघवत नाही." "मम्मी, तू चर्चमधून आलीस की दोन तास फोनवर लोकांबद्दलच बोलतेस." हे ऐकणं सोपं नाही. पण मुलगा अजून हे बोलतोय याचा अर्थ त्याने आपल्याला सोडून दिलेलं नाही. बोलायचं थांबला तर काळजी करा.

आता तरुण संघातल्या मुलांकडे वळू, म्हणजे दुसऱ्यांच्या पोटच्या गोळ्यांकडे. इथे एक मोठा पेच आहे आणि त्यावर आपण उघड कधी बोलत नाही. एखादी मुलगी तुमच्यापाशी मन मोकळं करते. तिची आई तुमची मैत्रीण असते. शुक्रवारी महिला मंडळात ती शेजारी बसते आणि हळूच विचारते, "तुझ्याशी बोलते ना गं ती? काय म्हणते?" आईची काळजी खरी असते, डोळ्यांत पाणी असतं. आणि आपण थोडंसं, अगदी थोडंसं, सांगून टाकतो. त्या संध्याकाळी घरी भांडण होतं, मुलीला पाच मिनिटांत कळतं कुणी सांगितलं, आणि ती तुमच्याशीच काय, मंडळीतल्या कुणाशीच पुन्हा बोलत नाही.

यापेक्षा आडवळणाचा मार्ग म्हणजे प्रार्थना-विनंती. "नाव घेत नाही, पण आपल्या एका बहिणीची मुलगी जरा चुकीच्या वाटेवर आहे, तिच्यासाठी प्रार्थना करू या." नाव घ्यायची गरजच काय? महिला मंडळात बायका असतात पंधरा, वयात आलेल्या मुली पाच. डोळे मिटायच्या आत सगळ्यांना उमगलेलं असतं. व्हॉट्सॲपच्या प्रार्थना ग्रुपवर तर हे दहा मिनिटांत श्रीरामपूरपर्यंत पोहोचतं. आपल्या मनात वाईट काही नसतं. पण ती मुलगी एक धडा शिकते : इथे आपलं दुःख सांगितलं की ते सभेत येतं.

म्हणून मी आता मुलांना आधीच सांगून टाकते. तू जे सांगशील ते माझ्यापाशी राहील. तुझ्या आईला नाही, पाळकसाहेबांना नाही, प्रार्थनेच्या सभेत तर नाहीच. एकच अपवाद. तुझ्या जिवाला धोका असेल, किंवा कुणी तुला इजा करत असेल, तर मी गप्प बसणार नाही, पण मी कुणाशी बोलणार हे आधी तुला सांगेन. हे एवढं स्वच्छ सांगितल्यावर मुलं अधिक बोलतात, कमी नाही. आणि तिच्या आईने विचारलं तर? "तिने विश्वासाने सांगितलंय, मी सांगणार नाही. पण ती बोलते आहे कुणाशी तरी, एवढं समाधान मान." दोन दिवस मैत्रीण रुसेल. मग तिच्या लक्षात येईल की तिचं गुपितही तुमच्यापाशी तितकंच सुरक्षित आहे.

जिवाच्या धोक्याचं म्हटलं, त्यावर एक बोलते. एखादं मूल जेवत नाही, झोपत नाही, "मी नसलो तर बरं" असं काही बोलून जातं, तेव्हा नुसती उपासप्रार्थना ठेवून थांबू नका. प्रार्थना जरूर करा, आणि डॉक्टरची वेळही घ्या. सरकारची टेलिमानस ही सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र चालते, मराठीतही बोलता येतं. तो क्रमांक तरुण संघाच्या ग्रुपवर टाकून ठेवा, वचनांच्या चित्रांमध्ये एखादा दिवस हाही जाऊ दे. मधुमेहाची गोळी घेताना आपण विश्वास कमी पडला असं म्हणत नाही. मनाच्या आजाराला वेगळा न्याय कशाला?

विश्वासाच्या या देवघेवीची दुसरी बाजूही आहे. तुम्ही कुणाच्या तरी मुलीची आंटी असता, तशी तुमच्या मुलीचीही कुणीतरी आंटी असते. कोयरमधले एखादे अंकल, मैत्रिणीची आई, गावाकडची मावशी. आपल्या लेकीने आपल्याला न सांगता तिला आधी सांगितलं हे कळलं की काळजात बारीकशी कळ येते. मला विचाराल तर ती कळ गिळावी. त्या बाईंना गाठून "काय म्हणाली हो?" असं खोदत बसू नये. फार तर "तिच्याशी बोलता, बरं वाटलं" एवढं म्हणावं. मंडळी असण्याचा काही उपयोग असेल तर तो हाच की एका मुलाला एकाहून जास्त मोठी माणसं मिळतात.

आणि प्रेमप्रकरणं. ती टाळून हा विषय पुरा होणार नाही. मुलगा किंवा मुलगी समाजाबाहेरचं कुणी आवडल्याचं सांगते, तेव्हा आपल्याला वाटतं तिला परिणामांची कल्पना नाही. अहो, असते! १९५४च्या विशेष विवाह कायद्याला तीस दिवसांची नोटीस लागते हे त्यांनी केव्हाच शोधून ठेवलेलं असतं. दोघांतलं एक ख्रिस्ती असेल तरी १८७२च्या कायद्याखाली ख्रिस्ती विवाह होऊ शकतो, हेही त्यांना माहीत असतं. ती आपल्याकडे माहितीसाठी येत नाहीत. आपला चेहरा बघायला येतात. त्या पहिल्या पाच मिनिटांत आपण कसे दिसलो यावर पुढची अनेक वर्षं ठरतात. मत जरूर द्या, भीती वाटते तीही सांगा, पण दुसऱ्या दिवशी. पहिल्या दिवशी त्या मुलाचं नाव विचारा आणि तो काय करतो ते विचारा. नाव विचारल्याने संमती होत नाही.

मंडळीने तरुणांसाठी काय करावं यावर आपण पुष्कळ बैठका घेतो. त्या बैठकांत सहसा तरुण नसतात, असलाच एखादा प्रतिनिधी तर तो प्रोजेक्टर लावून देतो आणि चहाला जातो. तरुण म्हणजे खुर्च्या उचलणारे हात, अशी आपली एक समजूत झालीय. "तरुण मंडळींनी थांबावं" अशी घोषणा झाली की सगळ्यांना कळतं, आज मांडव काढायचाय. आपल्या कॅथलिक भाऊबंदांनी या बाबतीत एक चांगलं काम केलं. २०१८च्या ऑक्टोबरमध्ये रोमला बिशपांची सभा भरली ती खास तरुणांच्या विषयावर. तिच्या आधी मार्चमध्ये जगभरच्या सुमारे तीनशे तरुणांना बोलावून त्यांचं ऐकून घेतलं, आणि त्यांत विश्वास न मानणारेही होते. पुढच्या वर्षी पोप फ्रान्सिस यांनी त्यावर तरुणांना उद्देशून एक मोठं पत्र लिहिलं. एवढ्या थोरल्या, जुन्या संस्थेला आधी विचारावंसं वाटलं, तर आपल्या बारा जणांच्या कमिटीला काय अडचण आहे?

पण मुलांना विचारलं की त्यांचं म्हणणं चालवूनही घ्यावं लागतं, तिथे आपली कसोटी लागते. या नाताळात घरोघरी गाणी गात फिरायचा सगळा बेत त्यांच्या हाती सोपवा. ती उशिरा निघतील. गिटार लागलेली नसेल. उपासना संगीतातली दोन आणि यूट्यूबवरची चार गाणी म्हणतील, शेवटचं घर यायला रात्रीचे बारा वाजतील आणि तिथल्या आजी केव्हाच झोपलेल्या असतील. सल्ला द्यायला जीभ अगदी शिवशिवेल. मागच्या गाडीत बसा, गप्प राहा, करंज्या खा. गाडीत मागे बसलेल्या माणसासमोर मुलं इतकं बोलतात की काही विचारावंच लागत नाही.

बाकी राहिला वेळ. तो नाहीच, हे मला माहीत आहे. म्हणून मंडळीचा थोडा कमी करा म्हणते. मुलाला एक संध्याकाळ दिली असेल आणि त्याच दिवशी कमिटीची तातडीची बैठक लागली, तर सेक्रेटरींना सरळ सांगा की मला जमणार नाही. कारण विचारलं तर खरं सांगा : मुलाबरोबर मिसळ खायला चाललोय. पलीकडे क्षणभर शांतता पसरेल, कदाचित एखादा टोमणाही येईल. येऊ दे. त्या बैठकीत बहुधा पार्किंगचाच विषय असणार, आणि मिनिट्स लिहायला कुणी ना कुणी सापडतंच.